चिघळलं, बळावलं की डोक्यात गेलं? ‘ॲग्रव्हेट’ मराठीत आणताना

‘ॲग्रव्हेट’ या इंग्रजी क्रियापदाला मराठीत एक ठरलेला शब्द नाही. कोश उघडला तर ‘अधिक वाईट करणे’ आणि ‘चिडवणे’ असे दोन अर्थ शेजारीशेजारी मिळतात, आणि घाई असली की त्यातला एक उचलून पुढं जावंसं वाटतं. जाऊ नका. औषधाच्या चाचणीसाठीच्या एका संमतिपत्राचा मसुदा माझ्याकडे तपासायला आला होता. त्यात वाक्य होतं, ‘जिने चढल्याने तुमचे गुडघे चिडू शकतात.’ ज्या माणसानं त्या कागदावर सही करायची किंवा अंगठा उठवायचा, त्याला आपल्या गुडघ्याचं नेमकं काय होणार आहे हे त्यातून कळलं नसतं. मग त्याच्या संमतीला अर्थ काय राहिला?

मी परळला राहते आणि अनुवादावर पोट भरते. या भागात केईएम, टाटा, वाडिया अशी रुग्णालयं जवळजवळ असल्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या कामात रुग्णांसाठीचे कागद सगळ्यात जास्त. त्याखालोखाल विम्याचे दावे आणि कोर्टाचे निकाल, आणि वर्षाकाठी एखादी कादंबरी. या चारही ठिकाणी हा शब्द भेटतो आणि चारही ठिकाणी त्याला वेगळं मराठी लागतं. जी मुलंमुली आता या कामात उतरली आहेत, त्यांनी हा शब्द समोर आल्यावर काय करावं ते इथं सांगते.

आधी कर्म शोधा

वाक्यात काय किंवा कोण ‘ॲग्रव्हेट’ झालंय ते बघा. जखम, आजार, भांडण, टंचाई, गुन्हा अशी एखादी अवस्था किंवा घटना असेल, तर अर्थ ‘आधीच वाईट होतं ते आणखी वाईट होणं’. माणूस असेल, तर अर्थ ‘वैताग येणं’. निम्म्याहून जास्त वाक्यं एवढ्यावर सुटतात.

फसवणारी जागा एक आहे. डॉक्टरांच्या हातानं लिहिलेल्या टिपणांत तुटक इंग्रजी असतं, त्यात ‘पेशंट ॲग्रव्हेटेड’ असं येऊ शकतं. कर्माच्या जागी माणूस दिसला, तरी म्हणायचं असतं ते ‘रुग्णाचा त्रास वाढला’ हेच. शिवाय अक्षर वाईट असेल तर तो शब्द मुळात ‘ॲजिटेटेड’ असण्याचीही शक्यता असते, म्हणजे रुग्ण अस्वस्थ आहे, तळमळतोय, शांत पडून राहत नाहीये. अशा वेळी अंदाज लावू नका, फोन करून विचारा. एका फोननं डॉक्टर वैतागले तरी चालेल, चुकीचा शब्द रुग्णाच्या फायलीत जाता कामा नये.

शब्दाचा इतिहास थोडा माहीत असला तर मजकुराचं वय आणि घराणं बघून अंदाज बांधता येतो. मुळात लॅटिन ‘ग्राव्हिस’ म्हणजे जड. आपल्या ‘गुरु’ शब्दाचा ‘जड’ हा जो अर्थ आहे, तो आणि हा एकाच मुळातून आलेले. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात रुळला तो ओझं वाढवणं, जड करणं या अर्थानं. माणसाला चिडीला आणणं हा अर्थ सतराव्या शतकापासून सापडतो, म्हणजे तोही काही कालचा नाही. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीतले शुद्धतावादी त्याच्यामागे लागले, आणि १९२६ मध्ये हेन्री फाउलर या इंग्रज कोशकारानं आपल्या शब्दवापराच्या कोशात हा अर्थ अशिक्षितांसाठी सोडून द्यावा असं लिहिलं. मला त्याचं म्हणणं पटत नाही; तीनशे वर्षं लोकांच्या तोंडी असलेला अर्थ चुकीचा कसा ठरेल? पण त्याचा परिणाम आपल्याला उपयोगी पडतो. वैद्यकीय आणि कायद्याच्या इंग्रजीत हा शब्द जवळजवळ नेहमी ‘वाढणे, बिकट होणे’ याच अर्थानं येतो. संवाद, पत्रं, कथा यांत मात्र दोन्ही अर्थांची तयारी ठेवा.

मग विचारा: आधीपासून काय होतं?

अनुवाद जिथं सगळ्यात जास्त चुकतो ती ही पायरी. ‘ॲग्रव्हेट’ म्हटलं की काहीतरी आधीच बिघडलेलं होतं हे त्यात गृहीत असतं. चांगल्या गोष्टीच्या बाबतीत हा शब्द येत नाही. मराठीतलं ‘बिघडणे’ नेमकं उलटं आहे: दूध बिघडतं, घड्याळ बिघडतं, म्हणजे आधी ते नीट होतं. म्हणून ‘परिस्थिती बिघडली’ एवढंच लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटतं की तोपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. ‘आधीच बिकट असलेली परिस्थिती आणखी बिघडली’ असं लिहिलं की अर्थ जागेवर येतो. ‘आधीच’ आणि ‘आणखी’ हे दोन छोटे शब्द इथं फार काम करतात. जागा वाचवायला म्हणून ते गाळू नका.

याचं मोल किती असतं ते माजी सैनिकांच्या कागदांत दिसतं. मुंबईत सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची कितीतरी कुटुंबं अशी आहेत ज्यांच्या घरातला एकजण फौजेत होता. अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या नियमांत, १९८२ च्या नियमांतसुद्धा, आजार किंवा इजा लष्करी सेवेमुळे झालेली असावी किंवा सेवेमुळे ‘ॲग्रव्हेट’ झालेली असावी अशी अट आहे. दोन्ही बाजूंना पेन्शनचा हक्क आहे, पण दोन्हींचा पुरावा वेगळा. पहिल्या बाबतीत आजार सेवेत सुरू झाला. दुसऱ्या बाबतीत तो आधीपासून अंगात असेलही, पण बर्फातल्या, उंचावरच्या, ताणाच्या नोकरीनं वाढला. २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा निरोगी होता असं धरायचं, आणि सेवेशी संबंध सिद्ध करण्याचं ओझं त्याच्यावर टाकायचं नाही. आता अशा निकालाचा सारांश एखाद्या जवानाच्या आईसाठी मराठीत करायचा असेल आणि तुम्ही ‘सेवेमुळे झालेला किंवा बिघडलेला आजार’ लिहिलंत, तर काय कळणार? आजार बिघडला म्हणजे बरा झाला का? मी लिहिते: ‘सेवेमुळे उद्भवलेला किंवा सेवेमुळे बळावलेला आजार’. बळावलेला म्हटलं की आधी तो होता, हलका होता, त्याला बळ मिळालं, हे सगळं त्या एका शब्दात येतं.

विम्याच्या दाव्यांतही हाच भेद. पॉलिसी घेण्याआधीपासूनचा आजार आणि नंतर झालेला आजार यांना वेगळे नियम लागतात, म्हणून तिथं ‘उद्भवणे’ आणि ‘बळावणे’ यांची अदलाबदल कधीही करू नका.

कशाचं काय होतं

आता नेमकं क्रियापद. इंग्रजीला एक शब्द पुरतो, मराठीत दुखण्यागणिक क्रियापद बदलतं. हे कुठल्याही कोशाच्या एका पानावर मिळत नाही, बायकांच्या तोंडून, दवाखान्यातल्या बाकावर, बाजारात ऐकावं लागतं.

जखम चिघळते. फोड, गळू, करट हेही चिघळतात. चिघळण्यात ओल आहे, पू आहे, कडेकडेनं पसरत जाणं आहे. म्हणून रक्तदाब चिघळत नाही आणि डोकेदुखीही चिघळत नाही. भांडण मात्र चिघळतं, प्रश्न चिघळतो, संप चिघळतो, कारण तिथंही वेळीच इलाज न झाल्यानं आत काहीतरी नासत गेलेलं असतं आणि पसरलेलं असतं. आमच्या गिरणगावात हा शब्द ज्यांनी जगून घेतला ती पिढी अजून आहे. १९८२ च्या जानेवारीत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो चिघळत गेला. तो ‘तीव्र झाला’ म्हणणं पुरेसं नाही. तीव्र झालेला संप जिंकलाही जाऊ शकतो. चिघळलेला संप म्हणजे महिन्यामागून महिने तोडगा नाही, घरातली भांडी विकली जातायत, माणसं गावाला परततायत.

आजार बळावतो. जुना, दबलेला आजार असेल तर तो उचल खातो किंवा चाळवतो: ‘पावसात भिजलो आणि दमा चाळवला.’ चाळवणं म्हणजे झोपलेल्याला हलवणं. फुप्फुसाच्या जुन्या आजारात अचानक वाढणाऱ्या त्रासासाठी डॉक्टरांचा ‘एक्झॅसर्बेशन’ हा वेगळा इंग्रजी शब्द आहे, त्यासाठी ‘दम्यानं उचल खाल्ली’ फार छान बसतं. खोकला आणि पित्त उसळतं. ताप चढतो. सूज वाढते. प्रकृती खालावते, ढासळते. हे शब्द माणसाच्या एकूण तब्येतीसाठी, एकेका आजारासाठी नाहीत. ‘मधुमेह ढासळला’ कुणी म्हणत नाही.

भांडण विकोपाला जातं, दंगल भडकते, महागाई भडकते, टंचाई तीव्र होते, कोंडी वाढते. ‘वाढणे’ सगळीकडे चालतं आणि अडलात तर तेच वापरा, पण एक लक्षात ठेवा: पगारही वाढतो आणि मूलही वाढतं. म्हणून ‘वाढणे’च्या आधी त्रास, दुखणं, धोका असं काय वाढलं ते नाव घेऊन सांगावं लागतं. ‘या गोळीने वाढू शकते’ असं अर्धवट वाक्य छापू नका.

कधी कधी क्रियापदच नको असतं. मराठी माणूस बोलताना ‘त्यात’ म्हणतो आणि काम भागतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि समुद्राला भरती असल्यानं पाणी जायला वाट राहिली नाही. इंग्रजी अहवालात ‘भरतीनं पूरस्थिती ॲग्रव्हेट केली’ अशा घाटाचं वाक्य येईल. मराठीत: ‘एवढा पाऊस, त्यात भरती, पाणी ओसरेना.’ किंवा जरा औपचारिक हवं असेल तर ‘त्यातच भरतीची वेळ असल्याने पाण्याचा निचरा होऊ शकला नाही’. त्यात, त्यातच, त्यात भर म्हणून, भरीस भर. कथेत, बातमीत, लेखात हे मोकळेपणानं वापरा. बोलीत ‘दुष्काळात तेरावा महिना’ आहेच. तो घरगुती अडचणींना शोभतो, माणसं दगावली त्या पुराला नाही.

कर्त्याला बाजूला करा

इंग्रजीत निर्जीव गोष्टी कर्ता होऊन बसतात: थंडी सांधेदुखीला ॲग्रव्हेट करते, धूर दम्याला ॲग्रव्हेट करतो. हे तसंच उचललं की ‘थंडी सांधेदुखीला तीव्र करते’ असं बोजड वाक्य होतं. मराठीत दुखण्यालाच कर्ता करा आणि कारणाला ‘-नं’ किंवा ‘-मुळे’ लावा. थंडीनं सांधे जास्त दुखतात. धुरामुळे दमा उसळतो. फार वेळ उभं राहिलं की पाठ भरून येते. ‘की’ घालून केलेलं वाक्य रुग्णांच्या पत्रकात मला सगळ्यात आवडतं, कारण त्यात कारण आधी येतं आणि वाचणाऱ्याला लगेच कळतं की काय टाळायचं.

मुद्दाम केलेलं असेल तर मात्र कर्ता जागेवर हवा. ‘पुढाऱ्यांनी वाद चिघळवला’, ‘चिघळत ठेवला’. ‘वाद चिघळला’ लिहिलं तर पुढारी सुटले. इंग्रजीत ज्यानं केलं त्याचं नाव वाक्यात असेल तर मराठीतही ते राहिलं पाहिजे.

रुग्णाला विचारायचं असेल तर

डॉक्टर दुखण्याची माहिती घेतात तेव्हा ‘ॲग्रव्हेटिंग फॅक्टर्स’ आणि ‘रिलीव्हिंग फॅक्टर्स’ हे दोन रकाने असतात. याचं ‘त्रासवर्धक घटक’ आणि ‘त्रासशामक घटक’ असं केलेलं मी पाहिलंय. रकान्यात ते दिसायला नीटनेटकं दिसतं, पण ओपीडीत साठीच्या बाईला ‘तुमचे त्रासवर्धक घटक कोणते?’ विचारून उत्तर मिळणार नाही. विचारा: ‘कशानं जास्त दुखतं? कशानं उतार पडतो?’ उतार पडणं हा शब्द हातचा जाऊ देऊ नका. बळावणं, चढणं, उसळणं यांच्या विरुद्ध बाजूला मराठीनं उतरणं ठेवलेलं आहे: ताप उतरतो, सूज उतरते, दुखण्याला उतार पडतो.

मग उत्तरंही खरी येतात. ‘जिना चढताना छातीत भरून येतं, बसलं की उतरतं.’ हे एवढं वाक्य हृदयाकडे बोट दाखवतं. ‘जेवून आडवं झालं की जळजळतं, उठून बसलं की बरं वाटतं.’ हे आम्लपित्ताकडे. दोन्हीत दुखण्याची जागा छातीच. रुग्ण जो शब्द वापरतो तो टिपताना तसाच लिहा. ठणकतं, ठसठसतं, कळ येते, भरून येतं, उबळ येते यांना सरसकट ‘वेदना वाढतात’ करू नका. डॉक्टरला त्यातून निदानाची दिशा मिळते.

होमिओपॅथीच्या कागदांत ‘ॲग्रव्हेशन’ हा त्यांचा पारिभाषिक शब्द म्हणून येतो: औषध सुरू केल्यावर लक्षणं आधी काही काळ वाढतात असं ती पद्धत मानते. तिथं ‘आजार बळावणे’ लिहू नका, वाचणारा घाबरेल. ‘लक्षणांची तात्पुरती वाढ’ असं साधं लिहा.

पित्ताचं प्रकरण

आयुर्वेदावरचं इंग्रजी पुस्तक किंवा पत्रक हाती आलं तर वेगळंच वळण लागतं. त्यात ‘ॲग्रव्हेटेड वात’, ‘पित्त ॲग्रव्हेशन’ असं पानोपानी असतं. हे इंग्रजी मुळातच संस्कृतचा अनुवाद आहे आणि मूळ शब्द आहे प्रकोप. दोष आधी साठतो तो संचय, मग खवळतो तो प्रकोप, मग पसरतो तो प्रसर. पुढे स्थानसंश्रय, व्यक्ती आणि भेद. सुश्रुतसंहितेतल्या या सहा पायऱ्यांना षट्क्रियाकाल म्हणतात. तेव्हा मराठीत सरळ ‘पित्तप्रकोप’, ‘वातप्रकोप’ लिहा. ‘पित्त तीव्र होणे’ असं नवं काही घडवायला गेलात तर वैद्यांना ते कळणार नाही आणि दुसरी पायरी तिसरीत मिसळेल. ऋतूंचा हिशोबही ठरलेला आहे: वातप्रकोप पावसाळ्यात, पित्तप्रकोप शरदात, कफप्रकोप वसंतात. मुंबईत शरद म्हणजे ऑक्टोबरचा तो उकाडा, जेव्हा पाऊस गेलेला असतो आणि वारा पडलेला असतो.

आणि इथंच आपल्या भाषेनं एक गोष्ट करून ठेवली आहे, जिचं मला मनापासून कौतुक वाटतं. पित्त खवळतं तेव्हा मळमळतं, डोकं चढतं. पण ‘हे ऐकून तिचं पित्त खवळलं’ म्हटलं तर ती रागावली. समुद्र खवळतो, माणूसही खवळतो. आग भडकते, वाद भडकतो, बाबा भडकतात. वातावरण तापतं, डोकं तापतं. म्हणजे वाढत जाणं आणि चिडणं हे दोन्ही एका शब्दात घेणं मराठीलाही जमतं. इंग्रजीनं ते वजनातून काढलं, आपण ते उष्णतेतून काढलंय.

कादंबरीत एखाद्या पात्राच्या तोंडी ‘ॲग्रव्हेट’वर श्लेष असेल, म्हणजे ‘तू भांडणही वाढवतोस आणि मलाही छळतोस’ असं एका शब्दात म्हटलेलं असेल, तर भडकणे, खवळणे, तापणे यांतलं एक क्रियापद दोनदा वापरून बघा: ‘वाद भडकला तो भडकला, आता मलाही भडकवू नकोस.’ पण यांची धग ‘ॲग्रव्हेट’पेक्षा जास्त आहे हे विसरू नका. प्रसंग सौम्य असेल तर श्लेष सोडा आणि अर्थ सांभाळा.

कोर्टाच्या कागदात

इथं काळाच्या ओघात काही वाढलेलं नसतं, म्हणून चिघळणे, बळावणे काहीच चालत नाही. १९८० च्या बचन सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयानं फाशीची शिक्षा देताना ‘ॲग्रव्हेटिंग’ आणि ‘मिटिगेटिंग’ अशा दोन्ही बाजूंच्या परिस्थितींचा विचार करायला सांगितलं. पहिल्या प्रकारात गुन्हा कसा केला, किती क्रूरपणे केला हे येतं; दुसऱ्यात आरोपीचं वय, सुधारण्याची शक्यता वगैरे. मी ‘गुन्ह्याचे गांभीर्य वाढवणारी परिस्थिती’ आणि ‘शिक्षा सौम्य करण्याजोगी परिस्थिती’ असं लिहिते. लांब आहे, पण कळतं.

गुन्ह्याच्या नावातच ‘ॲग्रव्हेटेड’ असेल तर आणखी जपा. लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाच्या २०१२ च्या कायद्यात, म्हणजे पोक्सोत, असे वेगळे गुन्हे आहेत. तेच कृत्य पोलिसानं, सरकारी नोकरानं, नातेवाइकानं केलं किंवा मूल बारा वर्षांखालचं असलं की गुन्हा त्या जड वर्गात जातो आणि शिक्षा वाढते. हिंदी पाठात त्याला ‘गुरुतर’ म्हटलंय, म्हणजे जड हा मूळ अर्थ तिथं जपलाय. मराठीत नुसतं ‘गंभीर’ लिहायचा मोह होतो, पण बोलण्यात आणि बातम्यांत ‘गंभीर दुखापत’ हे जुन्या दंडसंहितेच्या ३२० व्या कलमातल्या ‘ग्रीव्हस हर्ट’ या दुसऱ्याच संज्ञेसाठी सर्रास वापरलं जातं. एकाच निकालात दोन्ही आले की घोटाळा होतो. कायद्याचा अधिकृत मराठी पाठ समोर ठेवा आणि त्यात जो शब्द आहे तोच अक्षरशः घ्या, आवडो न आवडो. परिभाषेसाठी भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश जवळ असू द्या. गुन्ह्याचं नाव आपल्या मनानं ठेवायचा अधिकार अनुवादकाला नाही.

आणि कर्म माणूस असेल तर

इथं कोशातलं ‘चिडवणे’ सगळ्यात जास्त नुकसान करतं. मराठीत चिडवणं म्हणजे मुलांनी एकमेकांना नावं ठेवून रडकुंडीला आणणं, किंवा मैत्रिणींनी एखाद्या मुलावरून चेष्टा करणं. वरच्या मजल्यावर दुपारभर चाललेलं ड्रिल कुणाला चिडवत नाही. ते वैताग आणतं, डोकं उठवतं, जीव नकोसा करतं.

दोन गोष्टी ठरवा. एक, मुद्दाम केलं की आपोआप झालं? मुद्दाम असेल तर डिवचणे, खिजवणे, उचकवणे, खोडी काढणे. आपोआप असेल तर त्यानं वैताग येतो, कटकट होते, डोक्याला ताप होतो. लोकलची उशिरा आलेली गाडी कुणाला डिवचत नाही. दोन, राग कितपत? ‘ॲग्रव्हेट’मध्ये मोठा स्फोट नसतो, सारखं सारखं टोचत राहणं असतं. म्हणून संतापणे, खवळणे, तळपायाची आग मस्तकात जाणे हे बहुतेक वेळा जास्त होतं. वैतागणे, कावणे, बेजार होणे, भंडावून सोडणे, पिडणे या पट्ट्यात राहा. मुलानं सारखी भुणभुण लावली, सासऱ्यांनी एकच गोष्ट दहादा विचारली, ऑफिसात एकानं प्रत्येक मेलला उत्तर देताना सगळ्यांना जोडलं: हे सगळं त्या पट्ट्यातलं.

आजचं मुंबईतलं पात्र असेल, पंचविशीतलं, तर ‘तो माणूस माझ्या डोक्यात जातो’ हे याला तंतोतंत बसतं. त्यात न सांगता हेही येतं की तो काही फार मोठा गुन्हा करत नाही, त्याचं असणंच सहन होत नाही. आजीच्या तोंडी हे घालू नका. आजी म्हणेल, ‘नुसता जीव खातो मेला.’

काही वाक्यं करून बघू

‘ही क्रीम उघड्या जखमेवर लावल्यास ती ॲग्रव्हेट होऊ शकते.’ ‘उघड्या जखमेवर हे मलम लावू नका. जखम चिघळू शकते.’ बंदी आधी, कारण नंतर. ‘ती’ म्हणजे क्रीम की जखम हा घोळही गेला.

‘स्क्रीनकडे सतत पाहिल्याने मायग्रेन ॲग्रव्हेट होतं.’ ‘फार वेळ मोबाइल किंवा कॉम्प्युटर बघितला की अर्धशिशी वाढते.’ अर्धशिशी हा शब्द ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी मायग्रेन ठेवा, दोन्ही सर्रास चालतात.

‘व्यवस्थापनाच्या मौनाने रहिवाशांमधला असंतोष ॲग्रव्हेट झाला.’ ‘समितीने काहीच उत्तर न दिल्याने रहिवाशांमधली नाराजी वाढत गेली.’ असंतोष धुमसतोही, पण धुमसणं आत चालतं. रहिवासी उघडपणे बोलू लागले असतील तर ‘नाराजी भडकली’.

‘शी वॉज ॲग्रव्हेटेड बाय हिज सायलेन्स.’ कर्म माणूस, म्हणून वैताग. ‘त्याच्या गप्प बसण्याचा तिला वैताग आला होता.’ कादंबरी मागच्या पिढीतली असेल तर ‘तो गप्पच बसलेला पाहून ती कावली’. मी हे वाक्य करायला घेतलं तर आधीची चार पानं वाचेन. ती आधीपासून रागात असेल आणि या मौनानं तो राग वाढला असेल, तर ‘तो बोलेना, तसतशी ती जास्तच चिडत गेली’. लेखकाला काय म्हणायचंय ते त्या चार पानांत असतं.